आजोबांच्या फियाटला एसी

एप्रिलच्या भर दुपारी घरातली जुनी फियाट बाहेर काढायची म्हटली, की घरात दोन तट पडतात. आजोबांना तीच गाडी हवी असते, नातवंडांना एसीची. ‘विकून टाका ना आता!’ हा आग्रह दर उन्हाळ्यात होतो. पण ज्या गाडीतून नवी सून घरी आली, बाळ-बाळंतीण दवाखान्यातून परतली, ती केवळ उकाड्यापायी दारातून घालवायची का? तिला एसी बसवता येतो. मात्र आधी तिची प्रकृती तपासायला हवी.

मोटारीतला एसी तसा जुनाच. अमेरिकेच्या पॅकार्ड कंपनीने 1940 च्या मॉडेलमध्ये तो दिला होता. गंमत म्हणजे तो बंद करण्याची सोय नव्हती. थंडी आली की कॉम्प्रेसरचा पट्टाच काढून ठेवावा लागे! आता कॉम्प्रेसरला विजेवर चालणारा क्लच असतो. बटण दाबले की काम सुरू, पुन्हा दाबले की बंद.

कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनीचे इंजिन 1089 सीसीचे. त्याची ताकद बेताची. कॉम्प्रेसर त्याच ताकदीतला वाटा मागतो. म्हणून मोठा, जुना कॉम्प्रेसर न घेता आजच्या लहान गाड्यांचा हलका कॉम्प्रेसर निवडावा. एसी लावताच सिग्नलला गाडी बंद पडू नये, यासाठी इंजिनाची मंद गती किंचित वाढवणारी जोडणीही करून घ्यावी.

दुसरा प्रश्न उष्णतेचा. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे बसतो, त्यामुळे रेडिएटरला गरम हवा मिळते. तो आधी आतून स्वच्छ करावा आणि विजेचा जादा पंखा लावावा. हा पंखा आणि आतला ब्लोअर जुन्या डायनामोला झेपत नाहीत. तिथे अल्टरनेटरच हवा.

वायूकडेही लक्ष द्यावे. पूर्वीचा आर-12 ओझोनच्या थराला घातक ठरल्याने 1987 च्या माँट्रियल करारानंतर टप्प्याटप्प्याने हद्दपार झाला. कुणी त्या काळातला जुना संच स्वस्तात देऊ केला, तर त्यात नुसता आर-134ए भरून भागत नाही. तेल, सील आणि ड्रायरही बदलावे लागतात.

आणि हो, दारांचे रबर व त्रिकोणी काचांच्या फटी आधी बुजवा. नाही तर थंडावा रस्त्याला आणि पेट्रोलचे बिल तुम्हाला!

गाडी पन्नाशीची असेल तर आणखी एक पथ्य. 2021 च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ नोंदणीसाठी गाडी मूळ रूपात असावी लागते. चासी, सांगाडा वा इंजिनात मोठे फेरफार चालत नाहीत. ही नोंदणी करायची असेल, तर काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारून घ्यावे. एरवीही पत्रा न कापता, असलेल्या बोल्टांवरच पट्ट्या बसवून घ्याव्यात आणि काढलेला प्रत्येक भाग जपून ठेवावा.

एवढे केल्यावरही घाट चढताना काटा वर सरकू लागला, तर एसी बंद करून काचा खाली घ्याव्यात. वयस्कर माणसाला चढावर आपण थोडी उसंत देतोच ना? मग आजोबा पुढे आणि नातवंडे मागे, अशी ही गाडी आणखी काही उन्हाळे सुखाने काढील.