घरातला उंदीर, गोदामातला उंदीर

धान्य, किराणा वा कापडाच्या व्यापारात पिढ्या घालविलेल्या घरांना उंदराची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. भिवंडीचे गोदाम असो, कल्याणच्या बाजार समितीतील गाळा असो, की ठाण्याच्या जुन्या बाजारातील दुकान असो. कुरतडलेले पोते पाहून ज्याची सकाळ कडू झाली नाही असा व्यापारी विरळाच. अशा घरातील नातवंड एके दिवशी बुटाच्या खोक्यातून पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा उंदीर घेऊन येते आणि ‘दादाजी, याला आपण पाळू या’ म्हणते, तेव्हा आधी शांतता पसरते आणि मग वाद सुरू होतो. आजींना किळस येते, आईला रोगाची भीती वाटते आणि वडील हिशेब मांडतात.

या वादात उंदराची बाजू मांडणारे सहसा कोणी नसते. हा पांढरा किंवा ठिपकेदार पाळीव उंदीर म्हणजे गटारातील तपकिरी उंदराचाच वंशज. मात्र माणसाच्या सहवासात पिढ्यान्‌पिढ्या वाढल्यामुळे त्याचा स्वभाव पालटला आहे. जपानमध्ये अठराव्या शतकातच अशा उंदरांच्या संगोपनावर पुस्तके छापली गेली. इंग्लंडमध्ये १९०१ साली मेरी डग्लस या बाईंनी आपले उंदीर प्रदर्शनात मांडले आणि तेथून हा छंद रूढ झाला. नीट हाताळलेला उंदीर नाव घेताच धावत येतो, खांद्यावर बसतो, सदऱ्याच्या बाहीत झोपी जातो. समाधान वाटले की तो दात हलकेच एकमेकांवर घासतो. अमेरिकेतील जाक पांक्सेप यांना गेल्या शतकाच्या अखेरीस असे आढळले की गुदगुल्या केल्यावर उंदीर हसल्यासारखा चिवचिवतो. मात्र तो स्वर इतका सूक्ष्म की माणसाच्या कानाला तो ऐकू येत नाही. २०११ साली शिकागो विद्यापीठातील प्रयोगात तर नळकांड्यात कोंडलेल्या सोबत्याला मोकळे करण्यासाठी उंदरांनी दार उघडायला शिकून घेतले आणि समोर चॉकलेट असतानाही बहुधा त्यातील वाटा त्याच्यासाठी राखला. पंचेंद्रिय आणि समनस्क जीव कशाला म्हणावे, हे पाठशाळेतील मुलांना समजावताना हे उदाहरण उपयोगी पडावे.

मग अडचण कोठे आहे? अडचण पिंजऱ्यात आहे. अहिंसाव्रताच्या अतिचारांत बंध येतो आणि अन्नपाननिरोधही येतो. हौसेने आणलेला उंदीर वीतभर जाळीत दिवसचे दिवस पडून राहिला, तर त्याला जीवदया म्हणता येणार नाही. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदाही हालचालीस अपुऱ्या पिंजऱ्यात प्राणी ठेवणे हा गुन्हाच मानतो. पिंजरा दुमजली, चढउतार करता येईल असा हवा आणि रोज तासभर तरी उंदराला बंद खोलीत, माणसांच्या सोबतीत मोकळे सोडावयास हवे. अन्नाची गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या घरात हा पाहुणा मात्र रात्री जागा होतो आणि रात्रीच जेवतो. आपला चौविहार त्याच्यावर लादू नये. संध्याकाळीच त्याचे दाणापाणी पिंजऱ्यात ठेवावे. शिजविलेली बाजरी, मूग, दुधी, मटार, सफरचंदाची फोड यांवर तो आनंदाने राहतो. जैन स्वयंपाकघराला त्यासाठी काही वेगळे करावे लागत नाही. कच्चा राजमा मात्र देऊ नये. अंथरूण म्हणून लाकडाचा भुसा टाळून, त्याची फुप्फुसे नाजूक असल्याने, कागदाच्या पट्ट्या घालाव्यात. अर्थात त्यासाठी धार्मिक मासिकांची पाने फाडू नयेत, त्यात हेही मासिक आले.

एकटा उंदीर कुढतो, म्हणून दोन हवेत, परंतु दोन्ही नर किंवा दोन्ही माद्या. दुकानदाराच्या शब्दावर विसंबू नये, आणि दुकानाची नोंदणीही विचारावी, कारण २०१८ च्या नियमांनुसार ती आवश्यक आहे. मादी सुमारे बावीस दिवसांत आठ-दहा पिल्ले देते आणि ती पिल्ले पाच-सहा आठवड्यांतच वयात येऊ लागतात. दोनाचे वीस झाले की घरचा उत्साह संपतो आणि कोणीतरी सुचविते, ‘खाडीकाठी सोडून देऊ, जीव मोकळा होईल.’

येथेच भले भले चुकतात. अभयदानाची आपली परंपरा मोठी. १८३४ पासूनचा मुंबईचा पांजरापोळ तिची साक्ष देतो. पण पांजरापोळात जीव आयुष्यभर सांभाळला जातो, नजरेआड केला जात नाही. पांढऱ्या उंदराला ना लपता येते, ना अन्न शोधता येते. उल्हास नदीच्या काठी वा सोसायटीच्या मागे सोडलेला उंदीर घार, कावळा, मांजर यांच्या तोंडी जातो, नाहीतर उपाशी मरतो. उपासमार होईल अशा ठिकाणी प्राणी सोडून देणे हा त्याच १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. त्याचे आयुष्य दोन ते तीन वर्षांचे. तेवढा काळ निभावता येत नसेल, तर आणू नये.

आईची भीतीही अगदीच खोटी नाही. हाताळल्यावर साबणाने हात धुणे आणि रानटी उंदरांशी त्याचा व त्याच्या अन्नाचा संपर्क टाळणे, विशेषतः पावसाळ्यात लेप्टोच्या दिवसांत, अत्यावश्यक होय. त्याला घाम येत नाही, शेपटीवाटे तो उष्णता सोडतो. म्हणून डोंबिवलीच्या मे महिन्यात वीज गेली की पिंजऱ्यावर ओले फडके हवे. लहान प्राणी तपासणारा पशुवैद्य कोठे आहे, हे उंदीर आणण्याआधीच शोधून ठेवावे.

आणि आता गोदाम. घरातल्या उंदराला नाव असते. गोदामातल्यासाठी अजूनही काही ठिकाणी गोंदाचे पुठ्ठे मांडले जातात. त्यावर चिकटलेला जीव तासन्‌तास, कधी दिवसभर तडफडतो. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०११ मध्ये व पुन्हा २०२० मध्ये परिपत्रक काढून त्यांविरुद्ध बजावले आहे. दादाजींच्या मांडीवर ज्याचा एक भाऊ झोपतो, त्याच्या दुसऱ्या भावाचा हा शेवट मुलाने पाहिला, तर तो प्रश्न विचारणारच. पोती भिंतीपासून दूर, फळ्यांवर उचलून ठेवणे, दाराखाली पत्र्याची पट्टी ठोकणे, दोन सेंटिमीटरच्या भोकातूनही उंदीर येतो म्हणून भिंतीतील छिद्रे जाळी व सिमेंटने बुजविणे, ही कामे दिवाळीच्या साफसफाईत गोदाम रिकामे होते तेव्हा सहज उरकतात. मुलालाही त्या दिवशी सोबत नेता येईल. उंदीर कोठून शिरतो हे त्याला एव्हाना मोठ्यांपेक्षा चांगले ठाऊक असते.