गाडी भरायची म्हणून

आळंदीत राहणाऱ्याला बाहेरगावच्या गाड्यांची सवय असते. पहाटेपासून बसगाड्या येतात. माणसं इंद्रायणीवर हातपाय धुतात (पाण्यावर फेस असेल तर नाक मुरडतात), रांगेला लागतात. समाधी, अजानवृक्ष, जमलं तर भिंत, की ड्रायव्हरचा हॉर्न! पुढे देहू असते, मग रांजणगाव. "एवढ्या लांबून येऊन तासभरही थांबत नाहीत," असं मी आजवर किती जणांना ऐकवलं असेल, देव जाणे.

गेल्या माघात आम्हीच गाडी केली.

निमित्त आमच्या कट्ट्यावरचे अण्णा. वय 82. ज्ञानेश्वरीची पारायणं किती झाली ते त्यांनाही सांगता येणार नाही, पण नेवासं पाहिलेलं नाही. शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, जिथे हा ग्रंथ सांगितला गेला, ज्या खांबाला टेकून माऊली बसत असं म्हणतात, तो पैस खांब एकदा पाहायचा, एवढीच त्यांची इच्छा. ठरलं! यादी माझ्याकडे आली. मास्तरकी सुटली तरी याद्या सुटत नाहीत.

गाडी 45 सीटची आणि नावं 19. एसटीची प्रासंगिक कराराची गाडीही विचारात घेतली, पण तीही अख्खीच घ्यावी लागते. माणशी आकडा ऐकून दोघांनी नावं मागे घेतली. मग कोणीतरी म्हणालं, शिर्डी घ्या. शिर्डी घेतली, तर वाटेवरचं शिंगणापूर का सोडायचं? चार दिवसांत 43 नावं झाली. मी खूश!

पहाटे पाचला निघालो. शिंगणापुरात गर्दी लागली. नेवाशाला पोचेपर्यंत दीड वाजला. शिर्डीची वेळ गाठायची म्हणून मी इथे पंचवीस मिनिटं जाहीर केली. अण्णांना गाडीतून उतरून आत जायलाच दहा मिनिटं लागली. खांबाजवळ टेकले, पिशवीतून पोथी काढली, चष्मा पुसायला घेतला, आणि शिट्टी वाजली. शिट्टी माझ्याच हातात होती हो. सहलीची सवय! अण्णांनी पोथी न उघडताच परत फडक्यात बांधली.

परतीला संगमनेरच्या पुढे सगळी गाडी झोपली होती. अण्णा हळूच म्हणाले, "मास्तर, खांबावर काहीतरी कोरलेलं होतं ना? वाचायचं राहिलं." मग मी अंधारात सांगत बसलो, की तो करवीरेश्वराच्या देवळाचा खांब, आणि लेख नंदादीपाच्या दानाचा आहे. वर्गात सांगायचो तसंच सांगितलं. आम्ही नुकतेच तिथे जाऊन आलो होतो!

शिर्डीसाठी आलेल्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. आमच्यातल्या कित्येक बायका वर्षातून एकदाच घराबाहेर पडतात, त्यांनी दोन देव जास्त मागितले तर बिघडलं कुठे? चूक यादीवाल्याची. मोठी गाडी केली की ती भरावी लागते, भरायची तर प्रत्येकाचा एक देव घ्यावा लागतो, आणि ज्या गावासाठी निघालो त्याच्या वाट्याला उरलेली मिनिटं येतात. माझं मत आता पक्कं झालं आहे. आधी ठिकाण ठरवावं, मग जेवढी माणसं होतील तेवढीच गाडी करावी. सतरा सीटची ट्रॅव्हलर माणशी महाग पडते, पडू दे. एक पारायण-भोजन कमी घालू.

आणि आम्हा म्हाताऱ्यांना गाडी तरी कशाला हवी होती, हे मला नंतर सुचलं. ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना राज्यात एसटी फुकट आहे, मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट. पुण्याहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या एसटीने नेवासा फाट्याला उतरायचं, तिथून रिक्षाने गावात. मुक्काम करायचा. सकाळी खांबापाशी अण्णांनी हवा तो अध्याय निवांत वाचावा.

चौघेच तयार आहेत. यादी करायचीही गरज नाही. अण्णांची एकच अडचण, एसटीची पायरी उंच असते. मी घरातला लाकडी पाट बरोबर घेणार आहे. आणि शिट्टी नातवाला देऊन टाकली.