सकाळी नऊची फायनल

२८ नोव्हेंबर २०२२ ला ऋतुराज गायकवाडने उत्तर प्रदेशविरुद्ध एकाच षटकात सात सिक्स मारले (एक नो-बॉलवर), तेव्हा आमच्या खान्देशात ज्याच्या-त्याच्या मोबाईलवर तेच चाललं होतं. चारच दिवसांनी, २ डिसेंबरला, महाराष्ट्र विजय हजारे करंडकाची फायनल सौराष्ट्राकडून पाच विकेटनी हरला. लगेच तीच मंडळी म्हणू लागली, "सुरुवातीला फार बॉल खाल्ले राव त्याने." १३१ बॉलमध्ये १०८ केले होते!

अहो, मॅच सुरू झाली सकाळी नऊला. डिसेंबरात रावेर-यावलकडच्या केळीच्या बागेत त्या वेळी शिरून बघा, शर्ट कोरडा राहतो का. अहमदाबादची थंडी काही वेगळी नाही. पिचमध्ये ओल, बॉल हलतोय. उनाडकटने टॉस जिंकला आणि फिल्डिंग घेतली. कोणीही घेतली असती! दुपारच्या उन्हात सौराष्ट्राच्या ओपनरांनी १२५ ची भागीदारी केली.

शेल्डन जॅक्सनचे नाबाद १३३ लाजवाब होते, चिराग जानीची हॅट्‌ट्रिकही. ९ बाद २४८ काही मोठा स्कोअर नव्हे, त्यांनी तो ४६.३ षटकांत गाठला. ते चांगलेच खेळले. पण दोन संघांना दोन वेगळी पिचं द्यायची आणि कोणतं कोणाला हे नाण्यावर ठरवायचं, याला फायनल म्हणायचं?

"टॉसची संधी दोघांनाही सारखीच," असं एकजण मला म्हणाला. लॉटरीतही सारखीच असते की!

डे-नाइट नको, रात्रीचं दहिवर उलट दुसऱ्या बाजूला बोचतं. अकराला सुरू करा, शेवटचा तास दिव्यांत खेळवा. मोटेराला दिवे आहेत. सव्वा लाखाहून जास्त माणसं बसतील एवढं स्टेडियम, आणि फायनल शुक्रवारी सकाळी नऊला... बघायला येणार कोण?

ऋतुराजचं काही बिघडलं नाही, पाच डावांत ६६० रन होते त्याच्या खात्यात. पण जळगाव-धुळ्याचा एखादा पोरगा पुण्याला निवड चाचण्या देत देत याच संघात ओपनर म्हणून पोचला, तर? नऊच्या ओलीत तो ४० बॉलमध्ये १२ करून आऊट होईल. स्कोअरबोर्डवर १२ दिसतील. ओल तिथे लिहायची सोय नाही.