शेवाळाला खत हवे, खाडीला नको

२०२० च्या मत्स्यसंपदा योजनेने शेवाळशेतीला अनुदान देऊ केले, तेव्हापासून हा धंदा बोलण्यात आहे. पण भातखाचरासारखे शेणखत खाडीत टाकाल तर ओहोटी ते घेऊन जाईल. उरलेच तर नको ते शेवाळ माजेल. फिलिपिन्समध्ये तपकिरी शेवाळाच्या अर्कात रोपे बुडवून मग दोरीला बांधली; वाढ सुधारली.

आपल्या खेडकरांची अडचण निराळी. पावसाळ्यात जगबुडीचे पाणी उतरले की दाभोळ खाडी गोडावते, त्यात शेवाळ तगत नाही. लोट्याच्या सांडपाण्याची मच्छीमारांची तक्रार तर जुनीच. तेव्हा लागवड हर्णैकडच्या मच्छीमार भावांनी करावी. आपल्या व्यापाऱ्यांनी अर्क आणि सुकवणीत पैसा घालावा. भाव मात्र रोपे बांधण्याआधी लेखी ठरवा.