मागील दारची माणसे

ऐतिहासिक मालिकेतला वाडा आता आपल्या इतक्या परिचयाचा झाला आहे की, त्यात काय नाही हे पाहण्याची सवयच आपल्याला उरलेली नाही. दिंडीदरवाजा आहे, चौक आहे, तुळशीवृंदावन आहे. दिवाणखान्यात हंड्याझुंबरे आणि माजघरात झोपाळा आहे. भल्या पहाटेही नथ आणि ठुशी घालून वावरणाऱ्या लेकीसुना आहेत. मात्र या वाड्याला मागील दार नाही. विहिरीचे पाणी कोण शेंदते, जात्यावर पहाटेपासून कोण बसते, शेणगोठा कोण करते, बाळंतिणीची धुणी कोण धुते, शौचकूप कोण साफ करते, या प्रश्नांना पडद्यावर उत्तर नाही. कारण ते प्रश्नच तेथे उपस्थित होत नाहीत. क्वचित एखादी ‘दासी’ तबक घेऊन येते, मान खाली घालून होकार भरते आणि चौकटीबाहेर जाते. तिला नाव नसते, गाव नसते, जात तर नसतेच.

ही केवळ नेपथ्यातली उणीव आहे असे कोणी म्हणेल, तर ते मला मान्य नाही. मागील दार बुजवले की पुढच्या दारात उभ्या असलेल्या स्त्रीची गोष्टही खोटी होते. आपल्या मालिका स्त्रीच्या दुःखाविषयी अखंड बोलतात; इतके की बोलण्याला खळ नाही. पण ते दुःख ज्या व्यवस्थेतून उपजले तिचे नाव त्या घेत नाहीत. जात, श्रम आणि मालकी यांच्यापासून तोडून काढलेले स्त्रीदुःख शेवटी सासू-सुनेच्या कलहापलीकडे जाऊ शकत नाही, आणि नेमके तेथेच त्याला आणून सोडले जाते.

पेशवाईचेच उदाहरण घेऊ. २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘स्वामिनी’ या मालिकेची गाठच मुळी गोपिकाबाई आणि रमाबाई, म्हणजे सासू आणि सून, यांच्या नात्यात बांधलेली होती. गोपिकाबाई ही नानासाहेबांची पत्नी, माधवरावांची आई. राज्यकारभारात लक्ष घालणारी, माहेरच्या रास्त्यांच्या प्रकरणावरून मुलाशी बेबनाव झाल्यावर पुण्याबाहेर जाऊन राहिलेली, आणि उतारवयात नातू सवाई माधवराव याला वागणुकीचा उपदेश लिहून पाठवणारी कर्ती बाई. तिच्या सत्ताकांक्षेचे राजकीय स्वरूप समजून घ्यायचे तर दरबार, सावकारी आणि मुत्सद्दी घराण्यांतील सोयरिकी दाखवाव्या लागतील. त्याऐवजी तिला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभे केले की काम भागते. आनंदीबाईंचेही तसेच. नारायणरावांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात झाला. ‘ध’चा ‘मा’ केल्याची कथा ही आख्यायिका आहे. रामशास्त्र्यांनी दोष ठेवला तो राघोबादादांवर. तरी दोनशे वर्षे लोकांच्या तोंडी राहिली ती आनंदीबाईच. राज्याची पातके बाईच्या पदरी बांधण्याची ही जुनी खोड मालिकांनी निर्माण केली नाही हे खरे. पण तिला रोज संध्याकाळचे खाद्य पुरवण्याचे काम मात्र त्या इमानाने करीत आहेत.

आता याच वाड्याच्या मागील दाराने आत जाऊ. पेशवाईच्या कागदपत्रांत ‘कुणबीण’ हा शब्द वारंवार येतो. तो जातिवाचक नव्हे. तो गुलाम स्त्रीचा वाचक आहे. या बायका विकत घेतल्या जात, विकल्या जात, बक्षीस म्हणून दिल्या जात. काही मोहिमांत धरून आणलेल्या, काही दुष्काळात घरच्यांनीच विकलेल्या, आणि काही बदकर्माचा आरोप शाबीत झाल्याने सरकारजमा झालेल्या. हा शेवटचा प्रकार विशेष ध्यानात घ्यावा. बाईच्या शीलावर नजर ठेवणारे सरकार त्या नजरेतून फुकट राबणारे हात मिळवीत होते. कोठीत, पागेत, किल्ल्यांवर, इमारतींच्या कामावर या कुणबिणी राबत. सोवळ्याच्या घरात काम करायचे तर जातीची चौकशी होई, कारण पाण्याचा प्रश्न होता. कुणबिणीला झालेले मूलही बहुधा धन्याच्याच मालकीचे. गुलामीला असलेली कायद्याची मान्यता १८४३च्या कायद्याने गेली, म्हणजे पेशवाई बुडाल्यावर पंचवीस वर्षांनी.

या बाईला मालिकेत आणले तर काय होईल? पहिली गोष्ट ही की, पेशवीणबाईंच्या अश्रूंचे मोल एकदम बदलेल. सोवळ्याच्या धाकात, मूल होत नाही या बोलात, सवतीच्या भयात जगणारी मालकीण खरीच दुःखी होती. पण ती मालकीणही होती. एकाच बाईला दोन्ही असताना पाहणे हे साहित्याचे काम आहे. आपल्या मालिकांना एका वेळी एकच भाव झेपतो. नायिका सोसणारी असली की ती केवळ सोसणारीच; दुसऱ्या कुणाच्या सोसण्यावर तिचे घर उभे आहे ही गोष्ट तिच्या प्रभावळीला बाधक ठरते.

सतीच्या बाबतीत तर हा भाबडेपणा उरत नाही, घातक होतो. रणजित देसाई यांची ‘स्वामी’ ही कादंबरी १९६२ची; साहित्य अकादेमीचा पुरस्कार तिला १९६४ साली मिळाला. १९८०च्या दशकात ती मालिकारूपाने दूरदर्शनवर आली आणि माधवराव-रमाबाई ही जोडी मराठी घरांत दांपत्यप्रेमाचे प्रतीक होऊन बसली. माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला वारले आणि रमाबाई सती गेल्या. ज्या प्रेमकथेचा शेवट चितेवर होतो ती प्रेमकथा म्हणूनच दाखवत राहिली, तर चिता हा प्रेमाचा स्वाभाविक कळस ठरतो. त्याच दशकात, ४ सप्टेंबर १९८७ रोजी, राजस्थानातील देवराळा येथे रूपकंवर जळाली, आणि पाठोपाठ सतीच्या उदात्तीकरणालाही गुन्हा ठरवणारा कायदा करावा लागला. कादंबरीवर किंवा मालिकेवर देवराळ्याचे पाप टाकण्याइतका मी अविचारी नाही. प्रश्न एवढाच की, सतीची चिता पाहून ज्या समाजाचे डोळे अजून भक्तीने भरतात, त्या समाजापुढे हा प्रसंग मांडणाऱ्याची जबाबदारी कोणती?

सतीचा निर्णय निव्वळ हृदयाचा नव्हता, हे अहिल्याबाईंच्या चरित्रात स्पष्ट दिसते. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव पडले तेव्हा मल्हाररावांनी सुनेला सती जाण्यापासून परावृत्त केले. त्यात माया होती. आणि कर्ती सून दौलतीला हवी होती हेही होते. पुढे १७९१ साली अहिल्याबाईंची मुलगी मुक्ता नवऱ्यामागे सती गेली, आणि माळव्यात जिचा शब्द चालत होता त्या आईला तिला थोपवता आले नाही. हिंदी वाहिनीवर २०२१ पासून ‘पुण्यश्लोक अहिल्याबाई’ ही मालिका चालली. एका सासऱ्याच्या उदारपणात आणि एका आईच्या असहायतेत रूढी, राज्य आणि स्त्री यांचा जो संबंध उघडा पडतो, तो एकट्या ‘पुण्यश्लोक’ या विशेषणाने झाकला जातो.

एकोणिसाव्या शतकाकडे आले की मालिकांचा सूर बदलतो. तेथे सुधारणेची पहाट उगवलेली असते. ‘उंच माझा झोका’ (२०१२-१३) ही या वळणाची सर्वांत यशस्वी मालिका. ती नेटकी होती, तिच्यातली मुलगी गोड होती, आणि अनेक घरांत रमाबाई रानडे हे नाव तिच्यामुळे पोचले, हे तिचे ऋण मी नाकारीत नाही. पण १८७३ साली काय घडले? विधवाविवाहाचा कैवार घेणारे एकतीस वर्षांचे माधवराव रानडे पहिल्या पत्नीच्या निधनानंतर लगेच, वडिलांच्या हट्टाखातर, अकरा वर्षांच्या मुलीशी विवाहबद्ध झाले. ही सुधारणेच्या इतिहासातली बोचरी गाठ आहे. मालिकेच्या रसायनात तिचा गोडवा होतो. बालवधूची निरागसता हीच तिची मोहिनी ठरते, आणि थोराड नवरा हा प्रेमळ गुरू.

रमाबाईंचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले. ज्यांनी मालिका पाहिली त्यांनी ते अवश्य वाचावे. तेथे घरातल्या बायकांचा छळ आहेच. इंग्रजी शिकणाऱ्या सुनेला घालूनपाडून बोलणे आहे, परधर्मीय शिक्षिकेजवळ बसून आल्यावर विटाळाची कटकट आहे. परंतु या छळणाऱ्या बायका कोण होत्या? आश्रित होत्या, काही विधवा होत्या. रानड्यांची बहीण दुर्गा हीच विधवा होती, आणि तिच्या पुनर्विवाहाची वाट त्या घरात निघाली नव्हती. ज्यांच्या हाती ना द्रव्य, ना विद्या, ना नवरा, त्यांच्याकडे सत्ता उरली होती ती फक्त सोवळ्याओवळ्याची. धाकटी सून पुस्तक घेऊन बसली की तिच्या वाटचे काम या बायकांच्या अंगावर येई, आणि त्यांची एवढीशी सत्ताही हलू लागे. मालिकेच्या व्याकरणात मात्र त्या ‘दुष्ट’ असतात. भुवया उंचावतात, पार्श्वसंगीत गरजते. व्यवस्थेने नागवलेल्या बायकांनाच व्यवस्थेचे खलनायकपद देऊन टाकले की पुरुष निर्दोष सुटतो, आणि व्यवस्थाही.

इंग्रजांच्या मालिका याहून निर्दोष आहेत असे नव्हे. ‘डाउन्टन ॲबी’तला (२०१०-१५) उमराव इतका कनवाळू आहे की चाकरी हे सद्भाग्य वाटावे. पण तिथल्या नोकरांना नावे आहेत, खोल्या आहेत, पगार आणि मत्सर आहेत. त्याआधीच्या ‘अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स’ची (१९७१-७५) मूळ कल्पना जीन मार्श आणि आयलीन ॲटकिन्स या दोन अभिनेत्रींची, दोघींच्याही घरी चाकरीच्या आठवणी होत्या. तिथे घराचे दोन मजले झाले, कारण वरचा आणि खालचा माणूस एका जिन्याने जोडलेला होता. आपल्याकडे जिना नाही. शिवायचे नाही, त्या अर्थी पाहायचेही नाही, हा जुना नियम कॅमेऱ्याने बिनबोभाट पाळला आहे.

यावर मालिकालेखकांचे एक ठरलेले उत्तर असते: साधने मिळत नाहीत, मागील दारच्या माणसांनी काही लिहून ठेवले नाही. हे अर्धसत्य आहे. कुणबिणींविषयीचे हुकूम आणि हिशेब दप्तरांत आहेत. फुल्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे ही मांग समाजातली मुलगी १८५५ साली ‘ज्ञानोदया’त आपल्या लोकांच्या दुःखाविषयी निबंध लिहिते. ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२चे आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त वडिलांच्या सोवळ्याचे जे वेड वर्णिले आहे, बाजारातून आलेली वस्तू धुऊन घेण्याचा जो अट्टहास आहे, तो वाचताना हसू येते, आणि मग ध्यानात येते की ते धुणे-वाळवणे करणारे हात घरातल्या बायकापोरींचे होते. एका माणसाच्या शुचितेसाठी सबंध घर राबत होते. पाचपन्नास भागांचे नाट्य त्या चार पानांत आहे.

दुसरे उत्तर प्रेक्षकांचे. प्रेक्षकांना हे नको असते म्हणतात. जानेवारी २०२० मध्ये सुरू झालेली ‘सावित्रीजोती’ त्याच वर्षाच्या अखेरीस थांबली, तेव्हा अपुऱ्या प्रेक्षकसंख्येचीच चर्चा झाली. ज्या जोडप्याने १८६३ साली आपल्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, फसवल्या गेलेल्या ब्राह्मण विधवांची बाळंतपणे केली आणि त्यांतल्याच एका मुलाला दत्तक घेतले, त्यांच्या आयुष्यात नाट्य कमी होते असे कोणी म्हणणार नाही. कमी होते ते नथ आणि पैठणी. पण प्रेक्षक ही काही आकाशातून पडणारी वस्तू नाही. वर्षानुवर्षे एकच चव लावून मग तिचाच दाखला देणे हा व्यापार झाला. १९८८च्या जानेवारीत गोविंद निहलानींची ‘तमस’ दूरदर्शनवर आली. फाळणीची एवढी थोरली कथा. ती सुरू होते नत्थू नावाच्या चामडे कमावणाऱ्या गरीब माणसापासून, पाच रुपयांसाठी रात्रभर डुकराशी झुंजणाऱ्या. त्याच्या गरोदर बायकोची झोपडी, तिचे भय, तिचे ओझे घेऊन चालणे यांतूनच आपण दंगल पाहतो. त्यासाठी देशाने रात्री जागवल्या. तो प्रेक्षक कुठे परदेशी गेलेला नाही.

केशवपनाचा प्रसंग मी अनेक मालिकांत पाहिला आहे. आक्रोश, सनई थांबणे, पडणाऱ्या बटा, दाराआडून हुंदके. नाभिक त्यात असतो तो केवळ एक हात आणि एक वस्तरा म्हणून. पण १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत नाभिकांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असे त्यांनी ठरवले. ज्यांना घराच्या आत पाऊल टाकायचे ते याच कामासाठी, त्यांनी स्वतःची बिदागी सोडून देऊन उच्चवर्णीय घरातल्या बाईची बाजू घेतली. त्याच वर्षी लोखंड्यांच्या चळवळीने गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळवून दिली. म्हणजे ही माणसे एकमेकांना ओळखत होती, एकाच शहरात, एकाच पुढाऱ्याभोवती जमत होती. स्त्रीचे दुःख आणि श्रमिकाचा स्वाभिमान एका ठिकाणी आले, असा हा आपल्या इतिहासातला प्रसंग. त्यासाठी वाडा उभारावा लागत नाही, दागिने भाड्याने आणावे लागत नाहीत. एक सभा, काही दिवे, खांद्यावर धोकटी घेतलेली माणसे. मी पाहिलेल्या एकाही मालिकेत ती सभा भरलेली नाही.