मुलाला वर्गाबाहेर बसवण्यापूर्वी



जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मेरीलँडमधील मॉन्टगोमेरी काउंटीच्या काही पालकांच्या बाजूने निकाल दिला. समलिंगी वा ट्रान्सजेंडर पात्रांच्या गोष्टी वर्गात वाचल्या जाणार असतील, तर धार्मिक कारणावरून मुलाला त्या तासातून काढून घेण्याची मुभा त्यांना मिळाली. आपल्या मंडळींतही हा निकाल अनेकांना सोयीचा वाटतो. "हा विषय आपल्या मुलांना कशाला?" असे गणेशोत्सवाच्या जेवणावळीत मी यंदाही ऐकले.

हक्क मिळाला म्हणून तो वापरलाच पाहिजे असे नाही. शाळेतील चांगले गट-मार्गदर्शन कसे चालते ते आधी पाहावे. समुपदेशक दहा-पंधरा मुलांना गोलात बसवून विचारतात: वेगळे असण्यावरून तुला कधी कोणी हसले का? तेव्हा तुझी बाजू कोणी घेतली? त्यानंतर चर्चा समलिंगी वर्गमित्राकडे वळते. स्वतःविषयी काही उघड करण्याची सक्ती कोणावर नसते.

याने खरेच फरक पडतो का? मी पेशाने संशोधक, त्यामुळे हा प्रश्न मला पडतोच. ब्रूकमन आणि काला या दोन राज्यशास्त्रज्ञांनी दक्षिण फ्लोरिडात अशाच धर्तीच्या संवादाचा प्रयोग घरोघरी तपासला. 'सायन्स'मधील त्यांच्या २०१६ च्या निबंधानुसार सुमारे दहा मिनिटांच्या बोलण्याने ट्रान्सजेंडर व्यक्तींविषयीचा पूर्वग्रह कमी झाला आणि तो परिणाम किमान तीन महिने टिकला. तेथे समोर प्रौढ मतदार होते. शाळकरी मुलांना तो निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही. पण उपदेश टाळून माणसाला त्याच्या स्वतःच्या अपमानाची आठवण करून द्यावी, ही त्यातली कल्पना मला पटते.

अशा आठवणी आपल्या मुलांपाशी कमी आहेत का? डब्यातल्या मेथीच्या वासावरून, नावाच्या उच्चारावरून झालेली थट्टा त्यांनी सोसली आहे. दुसऱ्याचे दुखणे त्यांना लवकर समजेल. त्यांनाच आपण बाहेर बसवायचे?

आणखी एक. आपल्याही घरांत समलिंगी मुले आहेत. आईबाबांनी त्या तासातून आपले नाव काढले, एवढ्यावरून अशा मुलाला घरात काय बोलायचे नाही ते कळते. मग शाळेत मार खाल्ला तरी ते घरी सांगणार नाही.

म्हणून माझी विनंती एवढीच: समुपदेशकांना भेटा, तासाचा आराखडा मागून वाचा, शंका विचारा. सही करायची की नाही ते त्यानंतर ठरवा.