सुई ओवता येईना?

जुन्या लुगड्यांची गोधडी असो की वाशीम जिल्ह्यातील तांड्यांवरचे कापडाचे तुकडे, आरसे, कवड्या जोडून केलेले बंजारा भरतकाम; हे निवांतपणे हातानेच करायचे काम. त्यात मन रमते. पण चाळिशीनंतर डोळ्यातील भिंगाची लवचिकता घटते, जवळचे अंधुक दिसते. मग सुई ओवायला नातवंडे शोधावी लागतात आणि ‘आता वय झाले’ म्हणत शिवण सुटते. खरे तर जवळच्या साध्या चष्म्याने बहुतेकींची अडचण दूर होते. घरातल्या पुरुषाला पेपर वाचायला चष्मा येतो. बाईच्या टाक्यांसाठी मात्र तो चैन ठरतो. हे बदलायला हवे. सुईचे नेढे दिसेनासे झाले, की डोळे तपासून घ्यावेत. मोतीबिंदू असला, तर तोही तेव्हाच कळेल.